बिनवॉटचे मैल

७ ऑक्टोबर २००७, रविवार. सकाळी ९.४०

पोहे खाताना नेत्राने विचारलं, एप्रिलमधली शंभर मैलांची चॅरिटी राइड आपण दोघांनी करायची का? जस्ट यू अँड मी, बाबा, बिफोर आय लीव्ह. ऑगस्टमध्ये ती मिशिगनला कॉलेजला जाणार. नंतर घरी कधी येईल ते तिच्या सेमेस्टरला माहीत.

मी ताबडतोब हो म्हटलं. शब्द दिला. पोरीचा चेहरा असा फुलला की पोहे गार झाले तरी चालले.

सीमाने विचारलं, अहो, शेवटची सायकल कधी चालवली होतीत? २००५ च्या लेबर डेला. हे विचारायची काही गरज नव्हती.

राइड १९ एप्रिलला. सहा महिने बारा दिवस. भरपूर.

सकाळी ११.१५

गॅरेजमधून सायकल काढली. इटालियन स्टील. ९९ साली ऑफिसातला एक जण स्कॉटलंडला परत जाताना त्याच्याकडून घेतली. आमच्या या शुगर लँड गावात अशी दुसरी नसेल. पुसली. दोन्ही टायर बसले होते. हवा भरली नाही, आधी प्लॅन.

संकल्प: लोक नुसते पेडल मारत सुटतात. मी आधी मोजणार, मग मारणार. पाइपमधून काय वाहतंय ते न मोजता कोणी रिफायनरी चालवतं का? त्यासाठी पॉवर मीटर हवा. पेडलवर पाय किती जोर देतो ते वॉटमध्ये सांगणारं यंत्र. तेही क्रँकमधलं, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागतं तिथेच मोजणारं. उगमाशी.

पॉवर मीटरशिवाय ट्रेनिंग सुरू करणार नाही. बिनवॉटचे मैल म्हणजे वाया.


१३ ऑक्टोबर, शनिवार

स्प्रेडशीट तयार. ऑफिसात पंप घेताना करतो तसं रीतसर टेक्निकल बिड इव्हॅल्युएशन, म्हणजे प्रत्येक कंपनीच्या मालाची कलमवार तुलना. एकतीस कॉलम. जिथे माहिती नाही तिथे पिवळा रंग आणि ‘होल्ड’. नियम साधा: एकही होल्ड उघडा असताना खरेदी नाही. या नियमावर मी बावीस वर्षं प्लँट उभे केलेत.

मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन. अमरावतीहून निघालो तेव्हा कॉम्प्युटर नुसता पाहिला होता. कॅड स्वतः शिकलो, पायपिंग कोड स्वतः वाचले. आज ए अँड एम युनिव्हर्सिटीचे एमएस झालेले माझ्या टेबलाशी येऊन विचारतात. तेव्हा सायकलचा एक दांडा मला कोणी शिकवायला नको.

सध्या होल्ड: २६.


२१ ऑक्टोबर, रविवार. दसरा

सायकलला हळदीकुंकू, झेंडूचा हार. शेजारच्या ऑर्किड ट्रीची पानं आपट्यासारखीच दिसतात, ती सोनं म्हणून वाटली.

संध्याकाळी कुमार आला. आयआयटी, मग पीएचडी, मग ऑइल कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट, आणि इतकं होऊनही मनुष्य वाईट नाही. दर रविवारी चाळीस मैल मारतो. सायकलवरचा हार बघून म्हणाला, गुरुदत्तराव, लग्न लावताय का विसर्जन? सगळे हसले. नेत्रा जरा जास्तच.

मग म्हणाला, यार, मागच्या चाकाच्या हबमधला मीटर घे. चाक काढायचं, चाक घालायचं, संपलं. कुठल्याही सायकलला बसतो. माझ्याकडे तोच आहे.

मी समजावून सांगितलं की हबपर्यंत पोचेपर्यंत चेनमध्ये दोन-तीन टक्के पॉवर वाया जाते. ते दोन टक्के माझे आहेत, मी सोडणार नाही.

कुमार म्हणाला, दोन टक्के कशाचे? सध्या तू शून्यावर आहेस.

पीएचडीवाल्यांना मूलभूत प्रश्न कळत नाहीत.


३ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी

मुख्य अडचण सापडली: कम्पॅटिबिलिटी. क्रँकचा दांडा फ्रेमच्या पोटातल्या आडव्या नळीत बसतो. तिला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. तिचे निदान पाच प्रकार. आटे वेगळे, रुंदी वेगळी, ॲक्सल वेगळा. मीटर चुकीचा घेतला तर बसणारच नाही. लोक हे न बघता घेतात आणि फसतात.

व्हर्नियर काढला. नळीची रुंदी ७०.० मिमी. तीनदा मोजली. सगळीकडे लिहिलंय की बहुतेक सायकलींचे आटे इंग्लिश असतात आणि नळी ६८ ची. म्हणजे दोन मिलिमीटर पेंट. जुने कारागीर पेंट जाड मारायचे. टेबलात ६८ लिहिलं, आटे इंग्लिश. खाली टीप क्र. १४: ‘गृहीत, नंतर पडताळणे.’

होल्ड: १९. प्रगती आहे.

नेत्राने विचारलं, उद्या सकाळी ऑयस्टर क्रीकला दहा मैल जाऊ या का? म्हटलं, बेटा, फक्त दोन आठवडे थांब. ती ओके म्हणाली. समजूतदार आहे.


२२ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

नेत्रा सकाळी एकटीच वीस मैल करून आली. गाल लाल. खाडीकडून वारा होता, बाबा, इट वॉज सो हार्ड, आय लव्हड इट. मी विचारलं, ॲव्हरेज किती? तिला माहीत नाही. बघा! वीस मैल गेले, आणि नोंद कुठेही नाही.

मला जायचं होतं. पण बेसलाइनच्या, म्हणजे सुरुवातीच्या मापाच्या, आधी शरीर तयार झालं तर बेसलाइन चुकते.

गेल्या आठवड्यात मीटर बनवणाऱ्यांना दोन ईमेल: एक जर्मनीला, एक इथल्या नव्या कंपनीला. प्रत्येकात चौदा प्रश्न. जर्मनीहून दोन दिवसांत सर्व उत्तरं आली, शेवटी ‘विश यू गुड रायडिंग’. रायडिंगचा विषय मी काढला नव्हता.


८ डिसेंबर, शनिवार

क्रँकची लांबी. १७० की १७२.५? अडीच मिलिमीटर, पण शंभर मैलांत पाय तीस हजार वेळा फिरणार. तीस हजार गुणिले अडीच.

इनसीम, म्हणजे पायाची आतल्या बाजूची लांबी, मोजायला भिंतीशी अनवाणी उभा राहिलो. सीमाने पायांमध्ये पुस्तक धरायचं होतं. तिने हाताला आलेलं धरलं, रुचकर पाककृतींचं. म्हणाली, अहो, शिंप्याकडे सुद्धा तुम्ही एवढा वेळ उभे राहिला नव्हतात. ८१.२. दुसऱ्यांदा ८०.९. तिसऱ्यांदा तिने नकार दिला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या होत्या.

सरासरी ८१.०५. त्यावर तीन सूत्रं आहेत, तीन वेगळी उत्तरं येतात.

लांबीवर पुन्हा होल्ड. होल्ड: २१. (वाढले, पण दर्जेदार आहेत.)


१ जानेवारी २००८, मंगळवार

संकल्प:
जानेवारीअखेर ऑर्डर. काही झालं तरी.
साखर बंद.
रोज सकाळी साडेपाचला उठणे. (मीटर आल्यापासून.)

नेत्रा म्हणाली, बाबा, आर यू शुअर वी आर डूइंग दिस? म्हटलं, हंड्रेड पर्सेंट. स्प्रेडशीट दाखवली. तिने स्क्रोल केली, बराच वेळ. मग विचारलं, व्हेअर डज इट से मी?

पटकन कळलं नाही. मग लक्षात आलं, रायडर डेटात फक्त माझं वजन होतं. तिचं विचारलं. ती उठून गेली. या वयात मुली वजनाबद्दल हळव्या असतात.


१९ जानेवारी, शनिवार. सकाळी १०

रेव्हिजन ७. सगळे होल्ड बंद. (टीप १४ ही टीप आहे, होल्ड नव्हे.) १७२.५. आटे इंग्लिश. क्रँक, मीटर, नव्या बेअरिंगचे कप, सगळं एका ऑर्डरमध्ये. बटण दाबायच्या आधी ऑर्डर चारदा वाचली. पहिल्या पंपाच्या वेळीही असंच केलं होतं.

डिलिव्हरी सहा ते आठ आठवडे. मला चालेल. चांगली वस्तू वेळ घेते.

सीमा म्हणाली, तोपर्यंत टायरमध्ये हवा तरी भरा.


१० फेब्रुवारी, रविवार

एक घडामोड. सीमाने गॅरेज सेलमधून सायकल आणली. जांभळी. पुढे बास्केट. ब्रँड विचारला तर म्हणाली, जांभळी. नेत्राबरोबर शनिवारी-रविवारी जाते. म्हणाली, पोरगी हायवे सिक्स एकटी क्रॉस करते, मला घरात बसवत नाही. तुमचं यंत्र आलं की मी बाजूला होते.

आज दोघी अठरा मैल गेल्या. बास्केटमधून मेथी घेऊन आल्या.

जांभळीचा बॉटम ब्रॅकेट मी बघितला. कसल्याही मीटरला कम्पॅटिबल नाही. सीमाला हे सांगितलं. मेथी निवडत होती.


८ मार्च, शनिवार. सकाळी ८.२०

आलं!!

बॉक्स डायनिंग टेबलवर उघडला. काय वस्तू आहे. फोटो काढले, आठ. आता सहा आठवडे. सहा आठवड्यांत रोज दोन तास धरले तर चौऱ्याऐंशी तास. शास्त्रशुद्ध चौऱ्याऐंशी तास म्हणजे लोकांचे दोनशे.

कुमारचा फोन. म्हणाला, बाइक शॉपमध्ये दे, तिथला डेल पाच मिनिटांत बसवून देतो. म्हटलं, आयुष्यभर मी आट्यांवर जगलोय. आट्यांसाठी मी कोणाच्या दारात जाणार नाही.

दुपारी १.३०

जुने दांडे निघाले. आता उजवा कप, म्हणजे नळीच्या तोंडात आट्यांनी बसलेली बेअरिंगची वाटी. इंटरनेटवर स्पष्ट आहे: उजव्या बाजूचे आटे उलटे. म्हणजे सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. सामान्य माणूस इथेच चुकतो.

घड्याळाच्या दिशेने फिरवला. हलला नाही. नऊ वर्षांचा गंज.


९ मार्च, रविवार

तेल घातलं. रात्रभर मुरू दिलं. पुन्हा जोर लावला. किंचित हलला. मग घट्ट. गंज चिवट आहे.

नेत्राने गॅरेजच्या दारातून विचारलं, नीड हेल्प? म्हटलं, तू जाऊन ये राइडला. ती थोडी थांबली. मग गेली.


१५ मार्च, शनिवार. सकाळी ११

ऑफिसातून चार फुटी पाइप आणला. पाना आणि पाइप, लिव्हर म्हणजे हेच. दोन्ही पाय भिंतीला टेकवून खेचला. फिरला! पाव फेरी. कडकन आवाज झाला. गंज सुटण्याचा आवाज असाच असतो.

पण कप बाहेर येत नाहीये. जरा आत गेल्यासारखा दिसतो. दृष्टिभ्रम.

आज दोघी बावन्न मैल गेल्या. बावन्न. सीमाने परत आल्यावर स्वयंपाकसुद्धा केला. मी विचारलं, ट्रेनिंग कसं करतेस? म्हणाली, चालवायची आणि दमलं की थांबायचं. हे काही ट्रेनिंग नव्हे.


२२ मार्च, शनिवार. दुपारी ३

शॉपमध्ये गेलो. केवळ दुसऱ्या मताकरता.

डेलने सायकल स्टँडला लावली. साठीचा माणूस, पांढरी वेणी. नळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग फ्रेमवरच्या नावाकडे. म्हणाला, सर, हे इटालियन आहे. तीन ठिकाणी लिहिलंय. इटालियनचे आटे दोन्हीकडे सरळ असतात. नळी सत्तरची असते.

मी फ्रेमवरचं नाव पुन्हा वाचलं.

म्हणाला, तुम्ही किती वेळ असं फिरवत होता? म्हटलं, थोडा वेळ. म्हणाला, सर, तुम्ही दोन आठवडे तो घट्ट करत होता.

आतले आटे फाटलेत. आणि मी मागवलेले कप इंग्लिश, ते तसेही बसले नसते. फ्रेम दुरुस्तीला बाहेरगावी पाठवायची. दीड-दोन महिने.

सत्तरच. पेंट नव्हता. माझं माप अचूक होतं, हे लक्षात घ्यायला हवं. मापात काही चूक नव्हती.

संध्याकाळी ६

घरी सांगितलं, फ्रेममध्ये मॅन्युफॅक्चरिंगचा वेगळेपणा निघाला. नेत्राने विचारलं, सो, नो राइड? म्हटलं, कोण म्हणतं? ती म्हणाली, इट्स फाइन, बाबा. रिअली. मॉम आणि मी रजिस्टर केलंय, जस्ट इन केस.

जस्ट इन केस. मला हे माहीत नव्हतं.

भूक नव्हती. दोन पोळ्याच खाल्ल्या.


६ एप्रिल, रविवार. गुढीपाडवा

घरामागच्या पॅटिओवर गुढी. श्रीखंड खाल्लं (साखरेचा संकल्प तेवढ्यापुरता स्थगित). कुमार आणि त्याची बायको शोभना जेवायला होते. कुमार म्हणाला, माझी जुनी सायकल ने, यार. आपण एकाच उंचीचे. मी म्हटलं, तुझ्या सायकलची जॉमेट्री तुझी आहे. शोभना म्हणाली, भावजी, शंभर मैल जॉमेट्री चालवणार की तुम्ही?

मी पाहिलं, नेत्रा ताटात बघत होती. वाटीतलं श्रीखंड नुसतं चमच्याने फिरवत होती. मी नाही म्हणेन असं तिने धरलंच होतं.

म्हटलं, बरं. दे सायकल.

तिने वर बघितलं.

सायकलच्या मागच्या चाकात त्याचा जुना मीटर आहे. हबमधला. ठीक आहे. दोन टक्के मी हाताने मिळवीन.


१३ एप्रिल, रविवार. सकाळी

पहिली प्रत्यक्ष राइड. अकरा मैल. घराजवळ चढ फक्त फ्लायओव्हरचा, तो टाळला.

सरासरी ९२ वॉट. यंत्राचं कॅलिब्रेशन गेलंय. कुमारला फोन केला. म्हणाला, कालच चेक केलंय. तरी गेलंय.

शेवटचे दोन मैल सीमा गाडी घेऊन आली. वाऱ्यामुळे.

सहा दिवस आहेत. या टप्प्यावर विश्रांती हेच ट्रेनिंग.


१९ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी ५

थोडक्यात.

स्टार्ट ६.३०. धुकं. सीमा तिच्या जांभळीवर पुढे गेली. म्हणाली, तुम्ही दोघं या सावकाश. नेत्रा माझ्या डाव्या बाजूला. ठरल्याप्रमाणे, फक्त आम्ही दोघं. रस्त्याकडेला सगळीकडे निळी फुलं होती, असं नंतर कळलं.

टार्गेट १२० वॉट ठेवलं होतं. खाली जाऊ द्यायचं नाही. दर तीन सेकंदांनी आकडा बघत होतो. १२४, ११७, १२१. चांगलं चाललं होतं.

चौदाव्या मैलाला दोन्ही मांड्यांत गोळे. रस्त्याच्या कडेला गवतात आडवा झालो. नेत्राने पाय धरले, ताणले, पाणी दिलं. आय कॅन स्टे, बाबा, म्हणाली. म्हटलं, तू जा. तिने तीनदा विचारलं. मग सपोर्ट ट्रक आला. माझी सायकल मागे टांगली, मला पुढे बसवलं. ड्रायव्हरने केळं दिलं.

फिनिशला साडेचार तास खुर्चीत. दोघी आल्या, सव्वादोनला, शेजारी शेजारी, काहीतरी गात. सीमाच्या बास्केटमध्ये कोणाचं तरी जॅकेट. फोटो मी काढला.


२० एप्रिल, रविवार. सकाळी १०

कालची फाइल कॉम्प्युटरवर घेतली. एक तास एकोणीस मिनिटं. दर सेकंदाचे वॉट, कॅडन्स (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या), वेग, हृदयाचे ठोके. ग्राफ सुंदर आलाय. आयुष्यात पहिल्यांदा माझा पूर्ण डेटा आहे.

एक तास एकोणीस मिनिटं नेत्रा शेजारी बोलत होती. मिशिगनबद्दल बोलली. रूममेटबद्दल काहीतरी. कशाची तरी भीती वाटते असं म्हणाली. मग तिने मला काहीतरी विचारलं. सातव्या मैलाला, कारण तिथे आकडा १०८ ला आला होता आणि मी म्हटलं, एक मिनिट हं, बेटा.

आकडा परत १२२ ला गेला. फाइलमध्ये आहे.

तिने काय विचारलं ते आठवत नाहीये. सीमाला विचारलं. ती म्हणाली, तिलाच विचारा. नेत्राच्या खोलीशी गेलो. ती फोनवर हसत होती. थोडा वेळ दाराशी उभा राहिलो.

खाली येऊन सातवा मैल पुन्हा बघितला. सेकंद सेकंद करून.